स्टेल्थ विमाने : किल्ली कोणाकडे?

१४ जून २०२५ च्या रात्री तिरुअनंतपुरमच्या विमानतळावर करड्या रंगाचे एक लढाऊ विमान उतरले. ब्रिटनच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या विमानवाहू जहाजावरून उडालेले ते एफ-३५बी होते. इंधन कमी पडू लागले म्हणून ते केरळच्या किनाऱ्याकडे वळले. उतरल्यावर त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड निघाला आणि ते तिथेच अडकले. ऐन पावसाळ्यात, उघड्यावर, भोवती सीआयएसएफचा पहारा. केरळच्या पर्यटन खात्याने या पाहुण्याची थट्टा करणारी जाहिरातही काढली. शेवटी ६ जुलैला ब्रिटनहून तंत्रज्ञांचा चमू आला, विमान हँगरमध्ये ओढून नेले गेले आणि २२ जुलैला ते एकदाचे गेले.

त्या पाच आठवड्यांत ओळखीच्या तीन-चार माणसांनी मला एकच प्रश्न विचारला : ‘अदृश्य विमान आपल्या रडारला दिसलं कसं?’ आणि त्याला जोडूनच दुसरा : ‘अशी विमानं आहेत तरी कोणाकोणाकडे?’ मी वैमानिक नाही, अभियंताही नाही. नाशिकला राहतो, ओझरहून उडणाऱ्या सुखोईंचा गडगडाट लहान मुलांना पावसाचा वाटावा इतका आमच्या सवयीचा झालेला आहे आणि त्या आवाजामागे काय आहे या कुतूहलापोटी वीसेक वर्षे कात्रणे आणि पुस्तके जमवीत आलो. दोन्ही प्रश्न वाटतात त्याहून अवघड आहेत. पहिला निदान भौतिकशास्त्राचा आहे. दुसरा नुसत्या यादीचा वाटतो, पण यादी करायला बसलो की ‘आहेत’ या साध्या क्रियापदापाशीच अडायला होते.

आधी पहिला प्रश्न. ‘अदृश्य’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी रूढ केला आणि सगळा घोटाळा तिथे झाला. विमान डोळ्यांना दिसतेच. तिरुअनंतपुरमला लोकांनी त्याचे फोटो काढले. प्रश्न असतो तो रडारला ते किती अंतरावरून कळते एवढाच. रडार लहरी सोडते, त्या वस्तूवर आपटतात आणि त्यांचा प्रतिध्वनी परत येतो. जाताना लहरी पसरत जातात, येतानाही पसरत येतात. त्यामुळे अंतर दुप्पट झाले की परतणारा प्रतिध्वनी निम्मा होत नाही, चौथाईही होत नाही. तो सोळावा हिस्सा होतो. हे गणित विमान लपवणाऱ्याच्याही मुळावर येते. जे विमान रडारला दोनशे किलोमीटरवरून कळते ते शंभरावर आल्याशिवाय कळू नये असे वाटत असेल, तर त्याचा प्रतिध्वनी सोळापट कमी करावा लागतो. वीस किलोमीटरपर्यंत कळू नये असे वाटत असेल, तर दहा हजार पट. थोडीबहुत रंगरंगोटी करून हे साधत नाही. त्यासाठी विमानाची जन्मकुंडलीच वेगळी मांडावी लागते.

अंधाऱ्या खोलीत आरशावर विजेरी मारून पाहावी. आरसा समोरासमोर असेल तर प्रकाश डोळ्यांवर येतो. थोडा कलता धरला की प्रकाश भलतीकडे जातो आणि आरसा काळा दिसतो. स्टेल्थ विमानाच्या कडा, पंख, शेपट्या, दारांचे सांधे हे सारे अशा कलत्या आरशासारखे मोजून बसवलेले असतात. इंजिनाची फिरती पाती समोरून दिसू नयेत म्हणून हवा आत नेणारा बोगदा वाकडा केलेला असतो. बाँब आणि क्षेपणास्त्रे पंखाखाली न टांगता पोटात ठेवतात. उरलेल्या लहरी शोषून घेणारा लेप अंगावर असतो; तो नाजूक असतो आणि त्याची मलमपट्टी सतत करावी लागते.

मग केरळात ते दिसले कसे? हवाई दलाने जाहीर केले की आमच्या यंत्रणेने विमान ओळखले आणि त्याला उतरू दिले. त्यावरून आपल्याकडे पुष्कळ छाती फुगवली गेली. पण संकटात उतरू पाहणारे विमान आपली ओळख स्वतःच सांगते. लपण्यात त्याचा फायदा नसतो. शिवाय शांततेच्या काळात ही विमाने पुष्कळदा अंगावर लहानसा परावर्तक लावून उडतात, म्हणजे नागरी नियंत्रकांनाही ती दिसावीत आणि त्यांचा खरा प्रतिध्वनी परक्या रडारांना मोजता येऊ नये. त्या रात्रीवरून आपल्या रडारचे किंवा त्या विमानाचे, कोणाचेच मोजमाप करता येणार नाही.

या विद्येचा उगम मात्र अमेरिकेत नाही, मॉस्कोत आहे. प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. कडांवर आदळलेल्या लहरी कशा विखुरतात, हे त्यात गणिताने सांगितले होते. सोव्हिएत अधिकाऱ्यांना त्यात लष्करी उपयोगाचे काही दिसले नाही, म्हणूनच तो खुलेपणाने छापला गेला. १९७१ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या एका विभागाने त्याचे भाषांतर केले आणि काही वर्षांनी लॉकहीड कंपनीतील डेनिस ओव्हरहोल्सर नावाच्या गणितज्ञाच्या तो हाती पडला. एखाद्या आकाराचा प्रतिध्वनी किती येईल, हे विमान बांधण्याआधीच कागदावर काढता येईल असे त्याच्या लक्षात आले. तेव्हाच्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचे गणित झेपत नव्हते. म्हणून पहिली विमाने पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी झाली. सौंदर्यदृष्टीचा त्यात काही भाग नव्हता.

कंपनीच्या त्या गुप्त विभागाचा प्रमुख बेन रिच याच्या आठवणींचे ‘स्कंक वर्क्स’ हे पुस्तक मला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळाले होते. त्यात एक किस्सा आहे. विमानाची प्रतिकृती खांबावर चढवून रडारने तिची चाचणी चालली होती. रडारवर काहीच दिसेना. मग एकाएकी खूण उमटली, तेव्हा कळले की प्रतिकृतीवर एक काळा पक्षी येऊन बसला आहे आणि रडारला तोच दिसतो आहे. पुढे रिच सेनाधिकाऱ्यांकडे जायचा आणि बेअरिंगमधली बारीक गोळी टेबलावरून घरंगळत सोडून म्हणायचा की तुमचे विमान रडारला एवढे दिसेल. चाचणीचे विमान १ डिसेंबर १९७७ रोजी उडाले, एफ-११७ जून १९८१ मध्ये. जगाला ते सांगितले गेले नोव्हेंबर १९८८ मध्ये.

एफ-११७ अजिंक्य नव्हते, हे सर्बियात सिद्ध झाले. २७ मार्च १९९९ रोजी बेलग्रेडजवळच्या बुजानोव्त्सी गावाच्या परिसरात झोल्तान दानी याच्या तुकडीने साठच्या दशकातल्या एस-१२५ क्षेपणास्त्राने ते पाडले. दानीकडचे शोधक रडार जुने, लांब लहरींचे होते, आणि नेमक्या अशा लांब लहरींपुढे कलत्या आरशांची युक्ती कमी चालते. अमेरिकन विमाने रोज त्याच त्या वाटेने येत, हीही चूक होतीच. विमानाच्या काचेचे आवरण बेलग्रेडच्या विमान संग्रहालयात ठेवलेले आहे. दानी पुढे पाव भाजण्याच्या व्यवसायात गेला, आणि काही वर्षांनी त्याने पाडलेल्या विमानाचा वैमानिक डेल झेल्को त्याला येऊन भेटला. या विषयातली एवढी एकच गोष्ट मी नातवंडांना सांगू शकतो.

आता यादी. प्रगत स्टेल्थ लढाऊ विमाने स्वतः बांधून सैन्यात आणलेले देश तीनच आहेत : अमेरिका, चीन आणि रशिया. अमेरिकेचे एफ-२२ डिसेंबर २००५ मध्ये सेवेत आले. सैन्यासाठी ती १८७ बांधली आणि उत्पादन थांबवले. जपानला ती हवी होती, पण अमेरिकन काँग्रेसने नव्वदच्या दशकातच कायद्याने त्यांच्या निर्यातीला बंदी घातलेली होती. जवळच्या मित्रालाही नाही म्हणजे नाही. रशियाच्या सु-५७ ने जानेवारी २०१० मध्ये पहिले उड्डाण केले. कारखान्यातून निघालेले पहिलेच विमान डिसेंबर २०१९ मध्ये कोसळले आणि हवाई दलाला पहिले मिळायला २०२० चा डिसेंबर उजाडला. आजही ती थोडकीच आहेत. चीनचे जे-२० पहिल्यांदा उडाले ११ जानेवारी २०११ रोजी, अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स बीजिंगमध्ये असताना. योगायोग म्हणायचा तर म्हणावे. सुरुवातीला त्यांना रशियन इंजिने लागत. आता चिनी इंजिने बसतात आणि विमानांची संख्या शेकड्यांत गेली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनने जे-३५ए हे दुसरे विमानही झुहाईच्या प्रदर्शनात मांडले. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतली या क्षेत्रातली सर्वांत मोठी घटना इंजिनांची ही अदलाबदल आहे. आपल्याकडे तिच्याविषयी फार कमी लिहिले गेले.

बाकीचे बहुतेक देश एफ-३५ उडवतात. ब्रिटन, इटली, नॉर्वे, नेदरलँड्स, डेन्मार्क, इस्राएल, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया या देशांच्या तळांवर ती आहेत. बेल्जियम आणि पोलंडची पहिली विमाने त्यांना मिळाली, ती अमेरिकेतच प्रशिक्षणासाठी ठेवून. फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, कॅनडा, झेक प्रजासत्ताक, ग्रीस, रुमानिया, सिंगापूर रांगेत आहेत. यादी झाली. पण घर आपल्या नावावर असणे आणि घराची किल्ली आपल्या खिशात असणे यांत फरक असतो, तोच इथे आहे.

एफ-३५ हे उडते सॉफ्टवेअर आहे. शत्रूचे कोणते रडार कोणत्या लहरी सोडते, कोणत्या वाटेने गेले तर ते टाळता येईल, याची माहिती त्याच्या संगणकात भरावी लागते आणि ती सतत ताजी ठेवावी लागते. हे काम मुख्यतः फ्लोरिडातील एग्लिन तळावरच्या अमेरिकन प्रयोगशाळांत होते. सुटे भागही सगळ्या देशांच्या सामायिक साठ्यातून येतात. स्वतःची यंत्रणा बसवण्याची खास मुभा मिळवली ती इस्राएलने, आणि त्या विमानाला नावही वेगळे दिले, ‘अदीर’. २०२५ च्या सुरुवातीला डेन्मार्क आणि कॅनडाशी अमेरिकेचे बिनसले तेव्हा युरोपात कुजबुज सुरू झाली की वॉशिंग्टनमध्ये बटण दाबून ही विमाने बंद पाडता येतात. असे बटण नाही, असा खुलासा झाला. मला तो खरा वाटतो. कारण बटणाची गरजच नाही. सुटे भाग आणि माहिती थांबवली की विमान काही काळात आपोआप जमिनीवर येईल. त्या मार्चमध्ये कॅनडाने आपल्या ८८ विमानांच्या खरेदीचा फेरविचार सुरू केला.

ही भीती काल्पनिक नाही, हे तुर्कस्तानने आधीच अनुभवले आहे. तुर्कस्तान हा एफ-३५ चा नुसता गिऱ्हाईक नव्हता, पहिल्यापासूनचा भागीदार होता. शंभर विमाने घेणार होता आणि शेकडो सुटे भाग त्याच्या कारखान्यांत होत होते. जून २०१८ मध्ये टेक्ससमध्ये समारंभ होऊन पहिले विमान त्याच्या स्वाधीन केले गेले. ते अमेरिकेबाहेर कधी गेलेच नाही. जुलै २०१९ मध्ये तुर्कस्तानने रशियाची एस-४०० यंत्रणा आणली आणि त्याच महिन्यात त्याला कार्यक्रमातून काढण्यात आले. दीडेक अब्ज डॉलर भरलेले होते. विमाने पुढे अमेरिकन हवाई दलाने स्वतःकडे घेतली. तुर्कस्तानने मग ‘कान’ नावाचे स्वतःचे विमान काढले. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी ते उडाले खरे, पण त्यातली इंजिने अमेरिकन आहेत.

एस-४०० आपणही घेतलेली आहे, हे वाचकांना आठवत असेलच. म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी भारताला एफ-३५ देण्याची भाषा केली, तेव्हा मला तुर्कस्तानच आठवला. त्याच आठवड्यात बंगळूरच्या येलहंका तळावर एफ-३५ आणि सु-५७ दोन्ही आलेली होती. सु-५७ शी आपला संबंध जुना आहे. त्याच्या पायावर दोघांनी मिळून विमान करायचे, असा प्राथमिक आराखड्याचा २९.५ कोटी डॉलरचा करार डिसेंबर २०१० मध्ये झाला होता. ते विमान पुढे ओझरला तयार होणार, असे तेव्हा आमच्याकडे बोलले जाई. त्या काळातली माझी दोन कात्रणे अजून पिवळी पडून आहेत. इंजिन, स्टेल्थचा दर्जा आणि ज्ञान किती वाटून घ्यायचे, यावर खटके उडत राहिले आणि २०१८ मध्ये भारत बाहेर पडला. ओझरने मिग-२१ बांधली, सुखोई बांधली. त्या सगळ्यांचे आराखडे रशियाचेच होते. आठ वर्षांच्या त्या वाटाघाटीत वेळ गेला याचे दुःख आहे, बाहेर पडल्याचे नाही.

शेजारी काय चालले आहे, तेही पाहावे लागते. जून २०२५ मध्ये पाकिस्तान सरकारने सांगितले की चीनने आपल्याला ४० जे-३५ देऊ केली आहेत. पुढे त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी ही प्रसारमाध्यमांतली चर्चा आहे असे म्हणून ती बाजूला सारली. ती विमाने आली तरी त्यांची किल्ली चीनकडेच राहील.

भारताचे स्वतःचे विमान ‘अ‍ॅम्का’ या नावाने बंगळूरला आकार घेत आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्याचे नमुने बांधायला सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर केले. मे २०२५ मध्ये ठरले की खासगी कंपन्यांनाही या कामासाठी बोली लावता येईल. दोन इंजिने, सुमारे २५ टन वजन, शस्त्रे पोटात. सैन्यात यायला २०३५ उजाडेल असा आजचा हिशेब आहे. पहिली विमाने उडतील ती अमेरिकेच्या एफ-४१४ इंजिनांवर. तेजसच्या नव्या विमानांसाठी त्याच कंपनीकडून हव्या असलेल्या दुसऱ्या एका इंजिनाची वाट आपण किती दिवस पाहिली, हे ओझरमधल्या कोणालाही विचारावे. अ‍ॅम्काच्या पुढच्या आवृत्तीसाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर नवे, अधिक ताकदीचे इंजिन घडवायचे असे ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाले आहे. त्या करारात तंत्रज्ञानाचा कितवा भाग, कोणत्या अटीवर, कोणाच्या मालकीचा राहणार, हे कलम मी पहिल्यांदा वाचणार आहे.