ताटाची डावी आघाडी

घरी राहणाऱ्या पंचविशीतल्या मुलाचं किंवा मुलीचं डाएट साधारण मंगळवारी मोडतं. सोमवारी ठराव पास होतो, मोबाइलवर कॅलरी मोजणारं ॲप उतरतं, ओट्सचा डबा येतो. मंगळवारी संध्याकाळी आई खमंग थालीपीठ लावते, मधल्या भोकात तेल सोडते, वर लोण्याचा गोळा ठेवते आणि विचारते, "एकच देऊ ना?" त्या 'एकच'चं पुढे काय होतं ते नोंदवायला ॲपमध्ये रकाना नाही.

वेगळं काही शिजवून मागावं तर उत्तर ठरलेलं: "हे घर आहे, खाणावळ नाही." बरोबरच आहे. फ्लॅटवर एकट्याने राहणाऱ्याकडे स्वयंपाकघर असतं, स्वयंपाक नसतो. तुमच्याकडे दोन वेळचा ताजा स्वयंपाक आहे, फक्त स्वयंपाकघरावर सत्ता तुमची नाही. तेव्हा नवे पदार्थ मागू नका. आहे त्याच ताटात सत्तापालट करा, आणि सुरुवात डावीकडून करा.

मराठी ताटाला भूगोल आहे. वरच्या टोकाला मीठ. तिथून डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. मधे पोळी आणि वरण-भाताची मूद. वाढताना डावं-उजवं चुकलं की आजीची भुवई अजूनही वर जाते. पण एक गोष्ट बघा: उजवीकडचं सगळं पळीने आणि डावाने वाढलं जातं, डावीकडचं चमच्याच्या टोकाने. गडबड इथेच आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी नव्या आहार-सूचना काढल्या. २००० कॅलरींच्या दिवसाला लागणारा कच्चा माल त्यात असा आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि ३०० मिली दूध किंवा दही. पुन्हा वाचा. धान्यापेक्षा भाज्या जास्त! आपल्याकडे चार पोळ्यांना वाटीभर बटाट्याची भाजी म्हणजे 'भाजी-पोळी'. (जाता जाता: ही संस्था १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झाली, ती बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी. पॉलिश करून पांढराशुभ्र केलेल्या तांदळावरच राहणाऱ्यांना ब-१ जीवनसत्त्व कमी पडून तो होतो. शुभ्र भाताचं कौतुक तेव्हाही महागात पडत होतं.)

४०० ग्रॅम ऐकून घाबरायला होतं. पण एक काकडी, एक टोमॅटो आणि एक गाजर वजनकाट्यावर ठेवा, साडेतीनशेच्या आसपास जाईल. म्हणजे चमचाभर कोशिंबिरीची दोन्ही वेळा वाटीभर कोशिंबीर झाली की अर्धी लढाई तिथेच संपली. अट एकच, चिरायची तुम्ही. काकडी चोचवायला आईला सांगाल तर आघाडी पहिल्याच दिवशी फुटेल.

कोशिंबिरीत दाण्याचं कूट हवंच, नाहीतर ती मराठी नाही, असं आपण छाती ठोकून सांगतो. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला! मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू, सीताफळ हीसुद्धा सगळी अमेरिका खंडांतली मंडळी, युरोपीय जहाजांमागून इकडे आलेली. 'पूर्वजांसारखं खा' असा सल्ला कोणी दिला तर कुठल्या शतकातल्या पूर्वजांसारखं ते विचारून घ्या.

लिंबाची फोड बिनकामाची नाही

डाव्या बाजूचा सगळ्यात दुर्लक्षित कार्यकर्ता म्हणजे लिंबू. पालेभाज्या, डाळी, बाजरी यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही. क जीवनसत्त्व सोबत असलं की ते चांगलं शोषलं जातं. पोह्यांवर, वरण-भातावर, उसळीवर लिंबू पिळणाऱ्या आजीला रसायनशास्त्र येत नव्हतं, चव कळत होती. उलट काम चहा करतो. त्यातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात. म्हणजे मेथीच्या भाजीवर लिंबू पिळायचं आणि लगेच वर कपभर चहा घ्यायचा, हे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं. तासभर थांबा. हा मुद्दा किरकोळ समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता.

क जीवनसत्त्वाचं निघालंच आहे तर पेरूचं नाव घ्यायला हवं. वजनाला वजन धरलं तर पेरूत ते संत्र्याच्या सुमारे चौपट असतं. नागपूरकरांनी रागावू नये.

चटण्यांचा डबा

डाव्या बाजूचा खजिना म्हणजे कोरड्या चटण्या: जवस, तीळ, कारळे, खोबरं, लसूण. दुकानात 'फ्लॅक्स सीड्स'ची छोटी पुडी छानशा किमतीला मिळते. आजीच्या बरणीतली जवसाची चटणी तीच. त्यात ओमेगा-३ गटातलं स्निग्ध आम्ल भरपूर असतं. गंमत अशी की अख्खे जवस गिळले तर त्यातले बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात. कुटले तर पचतात. चटणी करणाऱ्यांनी हे काम आधीच उरकलेलं आहे.

महागड्या नावांचा विषय निघाला की मला किनवा आठवतो. किनवा आणि आपला चाकवत एकाच कुळातले आणि एकाच प्रजातीगटातले, म्हणजे सख्खे चुलतच. राजगिराही त्याच मोठ्या घराण्यातला. मंडईत ताकातल्या चाकवतासाठी जुडी घेताना घासाघीस करणारे आपण चाकवताच्या परदेशी भावाला मॉलमध्ये निमूट पैसे मोजतो. हळदीच्या दुधाचंही तेच. लहानपणी नाक दाबून प्यायलेलं दूध आता कॅफेत 'टर्मरिक लाटे' म्हणून मिळतं. हळदीवर तर अमेरिकेत पेटंटही निघालं होतं, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं, १९९५ मध्ये. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याविरुद्ध लढा दिला आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं.

डावी बाजू सगळीच सज्जन आहे असं मात्र नाही. लोणचं आणि पापड हे आघाडीतले बंडखोर, दोघांचाही जीव मिठात. दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक लहान चमचा, पुरे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढं तर आमटीतच आटोपत येतं. फोडीऐवजी खारावर भागवलं म्हणजे लोणचं कमी खाल्लं, हा गैरसमज आमच्या घरात बरीच वर्षं होता.

उजवीकडे काय चाललंय

जिमला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी एक प्रसंग घडतो. प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा बघून बाबा विचारतात, "आमच्या वेळी काय खात होतो रे आम्ही?" हिशेब करून टाकू. साधारण प्रकृतीच्या प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साडेसहा, मूठभर दाण्यांत सात-आठ, अंड्यात सहा, ग्लासभर दुधात सहा-सात. पोळीसुद्धा तीन-चार ग्रॅम देते. आकडा गाठणं अवघड नाही. अवघड आहे ते वरण, कारण पाहुणा वाढला की आपल्याकडे त्यात पाणी वाढतं. आईकडे एकच मागणी करायची असेल तर 'वरण घट्ट ठेव' ही करा.

वरण-भात किंवा झुणका-भाकर या जोड्या उगीच जमलेल्या नाहीत. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, ते धान्यात. एकमेकांची उणीव झाकणारी लग्नं इतकी वर्षं टिकतात. १९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर योजना आणली होती. बाकी तिचं काय झालं ते असो, ताट पोषणाच्या दृष्टीने चोख होतं.

मटकीला मोड आणले की आणखी एक चमत्कार होतो. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळपास नसतंच, मोड येताना ते तयार होतं. फडक्यात बांधून ठेवलेली ती पुरचुंडी म्हणजे घरचा छोटा कारखाना. आणि अळूच्या फदफद्यात चिंच का? अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. आंबटाने ती खाज कमी होते.

भाकरी थापतात, लाटत नाहीत

कारण ज्वारीत ग्लूटेन नाही. गव्हाच्या कणकेला ताणून धरणारा हा चिकट दुवा ज्वारी-बाजरीत नसल्याने पीठ गरम पाण्यात मळावं लागतं. गरम पाण्याने पिष्ट चिकट होतं आणि भाकरी तुटत नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, पण तिची भाकरी तव्यावर टम्म फुगवता येणं हे मानांकन घरोघरी वेगळं द्यावं लागेल. बाजरीचं पीठ मात्र महिनाभराचं दळून आणू नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे ते थोड्या दिवसांत कडू होतं. नाचणीत दुधाच्या सुमारे तिप्पट कॅल्शियम आहे, पण ते सगळंच अंगी लागत नाही. मोड आणून सत्त्व केलं की अडथळा कमी होतो. बाळपणी तुम्हाला तेच भरवलं होतं, हे आई सांगेलच.

रात्रीचा उरलेला भात? थंड झालेल्या भातातलं थोडं पिष्ट असं बदलतं की ते लवकर पचत नाही, जवळजवळ तंतूंचं काम करतं. पुन्हा गरम केलं तरी त्यातलं बरंचसं तसंच राहतं. त्यामुळे सकाळच्या फोडणीच्या भाताला नाक मुरडू नका. फक्त तो रात्रभर ओट्यावर ठेवलेला नसावा, वेळेत फ्रिजमध्ये गेलेला असावा.

दीक्षित की दिवेकर

२०१८ च्या सुमारास मराठी घरांत राजकारणापेक्षा या प्रश्नावर जास्त वाद झाले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं म्हणणं, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी खा, तुपाला घाबरू नका. बाबा दीक्षित गटात, आई दिवेकर गटात आणि मुलगा फ्रिजच्या दारात, अशी घरं मी पाहिली आहेत. निकाल द्यायला मी डॉक्टर नाही. पण काकडीला मज्जाव असल्याचं दोन्ही छावण्यांतून ऐकलेलं नाही.

खरा घोळ जेवणात नसतो, दोन जेवणांच्या मधे असतो. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, एक चमचा चार ते पाच ग्रॅमचा. म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम, तीही बिस्किटाआधी. दिवसभराची मर्यादा २५ ग्रॅमच्या आसपास सांगितली जाते. "मी गुळाचा घेतो" हा बचाव कच्चा आहे. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, गुळात सुमारे ३८०. फरक रंगाचा आणि चवीचा.

आणि उपवास! एकादशी दुप्पट खाशी हे आपणच म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं शंभरात एक ग्रॅमसुद्धा नाहीत. खिचडीला जे थोडंफार पोषण आहे ते दाण्याच्या कुटाचं. भगर किंवा राजगिरा घेतलात तर देवही आडवा येत नाही.

तेलाचा प्रश्न सगळ्यात नाजूक, कारण तो थेट आईच्या हाताशी जातो. 'तेल कमी घाल' असं म्हणू नका, हिशेब दाखवा. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर माणशी रोजचे सुमारे ३० ग्रॅम झाले. वरचं तूप, दाणे आणि बाहेरचा वडापाव वेगळा. कमलाबाई ओगले यांच्या १९७० च्या 'रुचिरा'ने 'अंदाजाने घाला'ऐवजी वाटी-चमच्याचं माप घरोघरी नेलं. तेलाच्या भांड्यातली पळी काढून तिथे चमचा ठेवणं ही त्याच पंथातली सुधारणा. आमच्याकडे ती तीन दिवस टिकली, मग पळी परत आली. पण बुधला आता पाच आठवडे पुरतो.

राहिला डबा. घरी राहण्याचा सगळ्यात मोठा फायदा तोच, आणि नेमका तोच ऑफिसला नेताना लाजायला होतं. मुंबईत १८९० पासून डबेवाले घरचा डबा कचेरीत पोहोचवत आले आहेत. त्यात दुसरी वाटी कोशिंबिरीची ठेवा. दही वेगळं न्या, आयत्या वेळी कालवा, नाहीतर पाणी सुटेल.

या रविवारी मंडईत पिशवी घेऊन तुम्हीच जा. आणि कोथिंबिरीची जुडी आणलीत तर नुसती ओट्यावर टाकू नका, निवडूनही द्या.