लाईट गेली तरी मुलांचं काम जाऊ नये : घरच्या कॉम्प्युटरसाठी यूपीएस

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी मुलगी रात्री घरच्या कॉम्प्युटरवर शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरत होती. दाखले, मार्कशीट, पासबुक सगळं स्कॅन करून झालं होतं. तेवढ्यात लाईट गेली. अंधारातून आवाज आला, "अम्मी, सगळं गेलं!" शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची. पहाटे लाईट आली, आम्ही दोघी पुन्हा बसलो आणि फॉर्म कसाबसा वेळेत भरला गेला. अल्हम्दुलिल्लाह. पण त्याच आठवड्यात मी यूपीएस घेतला. घेताना जे विचारलं आणि वापरताना जे शिकले, ते इथे सांगते.

यूपीएस म्हणजे आत बॅटरी असलेला एक डबा. लाईट असते तेव्हा तो बॅटरी चार्ज करत राहतो. लाईट गेली की डोळ्याची पापणी लवायच्या आत बॅटरीवर जातो, त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडत नाही. तो टूं-टूं वाजायला लागला की समजायचं, आपण आता बॅटरीवर आहोत.

किती वेळ चालतो? इथे बऱ्याच लोकांचा गैरसमज होतो. घरगुती यूपीएसवर बहुतेक वेळा 600 व्हीए लिहिलेलं असतं. याचा अर्थ 600 वॅट नव्हे. असा यूपीएस साधारण 360 वॅटपर्यंतचाच भार घेतो. आतली बॅटरी बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची असते. गुणाकार करा : 84 वॅट-अवर. साधा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून 100 वॅट घेत असतील, तर कागदावर 50 मिनिटं होतात. पण बॅटरी भरभर रिकामी केली की ती पूर्ण ताकद देत नाही, शिवाय थोडी वीज यूपीएसमध्येच खर्च होते. म्हणून हातात 15-20 मिनिटंच धरा, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी.

म्हणजेच यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी नाही, काम सावरण्यासाठी आहे. टूं-टूं ऐकू आलं की फाईल सेव्ह करा, फॉर्म सबमिट करा किंवा ड्राफ्ट ठेवा, कॉम्प्युटर नीट शटडाऊन करा आणि मग यूपीएसही बंद करा. तो वाजत वाजत मरू दिला की बॅटरीचं आयुष्य घटतं.

यूपीएसला काय जोडायचं? सीपीयू, मॉनिटर आणि इंटरनेटचा राउटर. राउटर विसरू नका. कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद, तर फॉर्म जाणार कसा? राउटरला वीज फार थोडी लागते. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला कधीही लावू नका. कागदावर शाई पक्की करताना तो एकदम भरपूर वीज ओढतो. इस्त्री, मिक्सर, पंखा यांचंही तेच.

घरात लॅपटॉप असेल तर मोठा यूपीएस घ्यायची गरज नाही, कारण लॅपटॉपची स्वतःची बॅटरी असते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तेवढा पुरतो. राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट बघूनच तो घ्या.

"आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?" असं एका पालकांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. साध्या मोडवर इन्व्हर्टर बॅटरीवर जायला थोडा जास्त वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊ शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू करून तपासून बघा. कॉम्प्युटर बंद पडला नाही, तर वेगळ्या खर्चाची गरज नाही.

काही गोष्टी सांभाळा. यूपीएस तीन पिनच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावा. बंद कपाटात, गादीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. उष्णतेने बॅटरी लवकर जाते. नवा आणलात की वापरण्याआधी सात-आठ तास चार्ज होऊ द्या. दोन-तीन महिन्यांतून एकदा काम सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करा आणि किती मिनिटं मिळतात ते बघा. प्लग उपटू नका, नाहीतर अर्थिंगही तुटतं.

बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. मिनिटं कमी झाली किंवा बॅटरी फुगली की फक्त बॅटरी बदला, पूर्ण यूपीएस टाकून देऊ नका. डबा मुलांना उघडू देऊ नका; प्लग काढला तरी आत वीज असू शकते. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारात फोडलेल्या बॅटरीतलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं, आणि तिथे खेळणारी मुलं आपल्याच मोहल्ल्यातली असतात.

शेवटी एक शिक्षिका म्हणून सांगते : यूपीएस असो वा नसो, फॉर्म शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. आणि मुलांना दर पाच मिनिटांनी कंट्रोल-एस दाबायची सवय लावा. त्याला बॅटरी लागत नाही.