केळीचा मर रोग आणि ब्रिस्बेनचें तंत्रविद्यापीठ

भुसावळ, यावल व रावेर या तालुक्यांतील बागाईतदारांस केळीविषयीं नवें सांगावें असें थोडेंच आहे. तरीही एक गोष्ट आपण पुरेशी लक्षांत घेत नाहीं. जुनी बसराई असो, श्रीमंती असो किंवा हल्लीं जिकडेतिकडे दिसणारी ग्रँड नैन असो, या सर्व कॅव्हेंडिश या एकाच कुळांतील होत. आपल्या केळीस बीं धरत नाहीं. मुनव्यांनीं किंवा ऊतिसंवर्धित रोपांनींच लागवड होते. त्यामुळें सबंध बाग म्हणजे जणूं एकच झाड, आणि जो रोग एकास मारतो तो सर्वांस मारूं शकतो.

असा रोग आतां देशांत आला आहे. 'टी. आर. ४' नांवाच्या फ्युझेरियम बुरशीमुळें होणारा हा मर रोग मुळांतून शिरतो. जुनीं पानें कडेनें पिवळीं पडून देठाशीं मोडतात, बुंधा उभा चिरतो, आणि खोड कापल्यास आंत तांबूस रेषा दिसतात. रोगट झाड औषधानें बरें होत नाहीं, व बुरशी जमिनींत कित्येक वर्षें जिवंत राहते. बिहार व उत्तर प्रदेश या प्रांतांत तो आढळला आहे.

या रोगावर ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथील क्वीन्सलंड तंत्रविद्यापीठानें मोठें काम केलें आहे. प्रा. जेम्स डेल व त्यांचे सहकारी यांनीं एका रानकेळींतील 'आर. जी. ए. २' हें जनुक काढून कॅव्हेंडिश केळींत घातलें, आणि २०१२ पासून तीन वर्षें रोगट जमिनींतच तिची परीक्षा घेतली. साध्या केळीचीं ६७ ते १०० टक्के झाडें रोगी झालीं वा मेलीं. नव्यांपैकीं एक वाण मात्र अखेरपर्यंत निरोगी राहिला. हा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत तेथील सरकारनें 'क्यूकॅव्ह-४' या नांवानें लागवडीस परवानगी दिली. विद्यापीठानें तो लगेच बाजारांत आणलेला नाहीं; अडचणीच्या काळाचा राखीव साठा म्हणून तो ठेवला आहे.

या विद्यापीठाचें काम एका देशापुरतें नाहीं. युगांडाशीं सहकार्य करून त्यानें अ जीवनसत्त्व अधिक असलेली केळी तयार करण्याचा उद्योग चालविला. आपल्या सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेंही २०१२ सालीं त्याच्याशीं करार केला, व तिरुचिरापल्लीचें राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र, मुंबईचें भाभा अणुसंशोधन केंद्र इत्यादि पांच संस्था त्यांत सामील झाल्या. लोह व जीवनसत्त्व वाढविणें हा या कराराचा एक प्रमुख हेतु होता. पोषण हा हेतु चांगलाच. पण खानदेशच्या बागाईतदारास आधी आपली बाग उभी राहावी हें हवें, असें आमचें स्पष्ट मत आहे. पुढील सहकार्यांत हा विषय अग्रभागीं असावा, अशी मागणी आपण संघामार्फत केली पाहिजे. जनुकबदलाचे गुणदोष कपाशीवर आपण पाहिलेच आहेत. तेव्हां त्या वाणाची कसोटी आपल्याच मातींत, सरकारी देखरेखीखालीं व्हावी, हेंही त्याच मागणींत असावें.

तोंवर परप्रांतांतील मुनवे आणूं नयेत, रोपें प्रमाणित प्रयोगशाळेचींच घ्यावीं. दुसऱ्या बागेंतून येणाऱ्यांचे विळे, बूट व गाड्यांचीं चाकें बांधावरच धुवावीं. संशयित झाड दिसल्यास तें उपटून नाल्यांत टाकूं नये; जागा कुंपण घालून अडवावी, तेथील पाणी शेजाऱ्याकडे वाहूं देऊं नये, आणि तालुका कृषि अधिकारी व जळगांवचें केळी संशोधन केंद्र यांस त्याच दिवशीं कळवावें.