चुनखडीचा धागा आणि उधारीचे राजकारण

महायुद्धानंतर जपान उभा राहिला तो मोटारी आणि रेडिओच्या जोरावर, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हा हिशेब अर्धाच वाटतो. १९४५ साली जपानची शहरे जळालेली होती, देशात कापूस नव्हता आणि बाहेरून आणायला डॉलर नव्हते. पोटाच्या खालोखाल अंगावरच्या कपड्याची चिंता होती.

यावरचा एक इलाज क्योतो विद्यापीठात आधीच सापडला होता. प्रा. इचिरो साकुरादा आणि त्यांचे कोरियन सहकारी री सुंग-गी यांनी १९३९ साली पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा धागा काढला. आपल्या सायझिंगवाल्यांचे पीव्हीए ते हेच. पाण्यात विरघळते म्हणून तर ते सुताला खळ म्हणून चालते आणि नंतर धुऊन निघते. पण धुताना विरघळणारा सदरा घेणार कोण? तेव्हा फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करून धागा पाण्यात टिकेल असा केला. त्याला पुढे व्हिनायलॉन म्हणू लागले. खरी करामत कच्च्या मालात आहे. कोळसा आणि चुनखडीपासून कार्बाइड, कार्बाइडपासून ॲसिटिलीन वायू आणि त्यातून धागा. शेतही नको, तेलाची विहीरही नको.

टोयो रेयॉन कंपनीने १९५१ साली नायलॉनचे हक्क अमेरिकेच्या ड्यूपाँटकडून घेतले आणि त्यापायी स्वतःच्या भांडवलापेक्षा मोठी रक्कम मोजली. कुराशिकी रेयॉनचे सोइचिरो ओहारा यांनी मात्र घरच्या संशोधनावर पैसा लावला आणि १९५० साली व्हिनायलॉन बाजारात आणला. शाळेचे गणवेश, दोर, मासेमारीची जाळी यांत तो खपला.

री सुंग-गी कोरियन युद्धात उत्तरेकडे गेले. बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या हामहुंग शहरात १९६१ साली याच धाग्याचा प्रचंड कारखाना सुरू झाला. एकच शोध, पण एका वेळी दोन वैरी गोटांत कामाला लागलेला!

चीनमध्ये तेव्हा कापड कुपनावर मिळत होते. जपानचे त्या सरकारशी राजनैतिक संबंध नव्हते, ते १९७२ साली जुळले. तरीही ओहारांनी १९६३ साली पेकिंगसाठी व्हिनायलॉनचा अख्खा कारखाना विकण्याचा करार केला. युद्धात चिनी जनतेने जे सोसले त्याची थोडी तरी भरपाई व्हावी, ही त्यांची भावना होती. माल मात्र हप्त्यांवर होता आणि जपानच्या सरकारी आयात-निर्यात बँकेने त्यासाठी कर्ज मंजूर केले.

इथेच ठिणगी पडली. तैवानने आपला राजदूत परत बोलावला. रोखीचा सौदा असता तर एवढा गहजब झाला नसता असे मला वाटते. सरकारी बँकेची उधारी म्हणजे सरकारची पसंती, असा अर्थ तैवानने घेतला, आणि व्यापाऱ्याच्या नजरेने तो चुकीचाही नव्हता. माजी पंतप्रधान योशिदा यांना १९६४ साली पत्र लिहून तैवानची समजूत घालावी लागली. तोवर पहिला कारखाना मार्गी लागला होता. निचिबो कंपनीचा दुसऱ्या कारखान्याचा सौदा मात्र सरकारी कर्जाअभावी बारगळला.

कपड्याच्या बाजारात पुढे पॉलिएस्टरने बाजी मारली. व्हिनायलॉन अंगाला ताठर, त्यावर रंग नीट चढत नाही. ओहारांची कंपनी आता कुरारे नावाने चालते आणि तिचा हा धागा सिमेंटला बळकटी देण्यासाठी विकला जातो.