सव्वा इंचाचा कारभार

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतील आमच्या वडिलार्जित घराची मोरी मोडून तिच्या जागी आधुनिक स्नानगृह बांधावे, असा ठराव घरातील मंडळींनी बहुमताने संमत केल्यावर फरशीचा रंग, नळांचा घाट, आरशाची उंची या विषयांवर महिनाभर जो वादविवाद झाला, त्यात बेसिनच्या तळाशी बसणाऱ्या सव्वा इंची नळीचा उल्लेख एकदाही झाला नाही. बाजारात तिला वेस्ट कपलिंग म्हणतात. भांड्याच्या भोकातून वरून सोडावयाची आणि खालून चेकनटाने आवळावयाची ही वस्तू. तिच्याविषयी कोणाला काहीच मत नसल्यामुळे तिच्या खरेदीची मुखत्यारी माझ्याकडे आली.

दुकानात मांडलेल्या नमुन्यांपैकी सर्वांत लखलखीत, टोपी दाबली की मिटणारे व पुन्हा दाबली की उघडणारे असे एक कपलिंग मी मोठ्या आत्मविश्वासाने घेऊन आलो. मिस्त्रींनी ते हातात घेऊन दोनदा फिरवले, भांड्याकडे पाहिले, आणि निकाल दिला : "साहेब, माल झकास हाय, पर तुमच्या भांड्याला चालायचा न्हाई. भांड्याला वरचं भोक हाय, अन् ह्याला खाच कुठाय?"

ते वरचे भोक, म्हणजे बेसिनच्या काठाखाली असणारे ओव्हरफ्लोचे छिद्र, मी आजवर शोभेचे समजत होतो. वस्तुतः त्या छिद्रापासून चिनी मातीच्या पोटातून एक गुप्त मार्ग तळच्या भोकापर्यंत उतरतो. नळ चालू राहून भांडे भरत आले, तर जादा पाणी त्या मार्गाने खाली येते आणि कपलिंगच्या अंगाला असलेल्या खाचांतून आत शिरून निचऱ्याला लागते. खाचा नसल्या तर त्या पाण्यापुढे वाट खुंटते; ते तिथेच साचते, कुजते, आणि एखाद्या दिवशी भांडे भरून वाहते. मी आणलेले कपलिंग अंगभर आटे असलेले, म्हणजे फुल थ्रेड होते. हवे होते ते हाफ थ्रेड, ज्याचा वरचा भाग गुळगुळीत असून त्याला खाचा असतात. उलट, ओव्हरफ्लो नसलेल्या भांड्याला खाचांचे कपलिंग बसवले, तर पाणी खाचांतून बाहेर पडून भोकाच्या पोकळीत उतरते आणि चेकनटाच्या वॉशरपाशी झिरपू लागते. तेव्हा तक्रार वॉशरची होते, वॉशर तीन वेळा बदलला जातो, आणि मूळ आरोपी मात्र वर चकाकत निर्दोष बसून राहतो.

दुसरी बाब लांबीची. भिंतीवरच्या साध्या बेसिनला तीन इंची कपलिंग पुरते. पण ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर ठेवावयाच्या भांड्याला, मातीची जाडी अधिक दगडाची जाडी ओलांडून खाली चेकनट आणि बॉटल ट्रॅप यांना आटे उरले पाहिजेत, म्हणून पाच इंची लागते.

धातूची पारख मात्र कोल्हापूरकराला कोणी शिकवावी, असे मला वाटत नाही. ज्या गावात शिवाजी उद्यमनगर आहे, जिथे ओतकाम आणि लेथ यांच्या आवाजात पिढ्या वाढल्या, तिथे मनुष्य वस्तू प्रथम तळहातावर तोलतो. पितळ जड लागते. मुलामा दिलेले प्लास्टिक हलकेपणाने आपली कैफियत आपणच देते. आणि लोखंडाची शंका असल्यास लोहचुंबक लावावा, पितळ त्याला दाद देत नाही.

टोपीच्या बाबतीत मी हरलो. घरात मिशेरी लावणारी आत्या आहे. मिशेरीचा चोथा आणि केस टोपीखालच्या यंत्रणेत अडकतात, ती वरचेवर काढून धुवावी लागते. त्यापेक्षा जाळीचे साधे कपलिंग बरे, असे मिस्त्री म्हणाले आणि आत्याने त्यास दुजोरा दिला. जाळीने भांडे भरून ठेवता येत नाही, हे खरे. पण तांब्याने पाणी घेण्याची सवय असलेल्या घरात ते कोण भरून ठेवणार?

कपलिंगखाली येतो ट्रॅप. त्यात कायम राहणारे पाणी गटारातील दुर्गंधी वर येऊ देत नाही. हीच युक्ती नळीला वाक देऊन साधल्याचे पेटंट अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली घेतले, म्हणजे ज्या वर्षी राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला त्याच वर्षी. त्या तहाने मराठी दौलतीत जी घाण शिरली तिला अडवणारा ट्रॅप कोणाला सुचला नाही, हे सोडून देऊ. आपल्याकडील स्नानगृहाच्या जमिनीतील ट्रॅपला मात्र नळकामाच्या इंग्रजी पुस्तकांतूनही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. त्या साऱ्या परदेशी शब्दसंभारात आपली न्हाणी तेवढी टिकून राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खाचांचे, पितळी, जाळीचे कपलिंग बसवले. चेकनट प्रथम हातानेच फिरवून नंतर पान्ह्याने बेताचाच आवळला, कारण जोर अधिक झाला तर तडकते ते भांडे. मग जाळीवर रबरी चकती दाबून भांडे भरले, नळ चालूच ठेवला. पाणी वरच्या छिद्रापर्यंत चढले आणि तिथून गुळगुळ करीत निघून गेले. शेवटी चकती काढून सारे पाणी एकदम सोडले. खाली 'पुढारी'चा जुना अंक पसरला होता. त्यावर थेंब पडला नाही.

दुकानदाराने पहिले कपलिंग परत घेण्यास नकार दिला. ते माळ्यावर आहे. कोणा वाचकाकडे ओव्हरफ्लोचे भोक नसलेले भांडे असल्यास त्याने ते खुशाल घेऊन जावे.