चाळीतला कांदा श्वास घेतो

मंडळी, उन्हाळ कांदा एकदा चाळीत भरला की आपण सुटलो, असे आपल्याला वाटते. कूड बांधला, वर पाचट टाकले, आता दसऱ्या-दिवाळीला भाव बघू! पण ज्वारीची कणगी आणि कांद्याची चाळ यांत फार अंतर आहे. सुकलेल्या ज्वारीत पाणी असते शंभरात दहा-बारा भाग. कांद्यात ते पंच्याऐंशीच्या वर. एवढे पाणी पोटात घेऊन हा गडी चार-पाच महिने जिवंत राहतो, श्वास घेतो, अंगातली ऊब बाहेर टाकतो. ती ऊब आणि ती वाफ जायला वाट मिळाली तर कांदा टिकतो, नाही तर ढिगातच सडतो.

आता असे पाहा. मे-जूनच्या कडक उन्हात कांद्याचे पाणी उडते आणि वजन घटते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते, तेव्हा सड आणि काजळी. पुढे पावसाळा सरून गारवा आला की कांद्याची झोप संपते आणि कोंब फुटतात. म्हणजे शत्रू एक नाही, तीन आहेत, आणि ते पाळीपाळीने येतात. पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस उष्णता आणि शेकडा पासष्ट-सत्तर आर्द्रता त्याला मानवते.

पण चाळीला दोष देण्याआधी वावरात जाऊ या. लागवडीला साठ दिवस होऊन गेले की युरिया देऊ नये. माना जाड होतात, आणि जाड मानेचा कांदा टिकत नाही. काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे. निम्म्या माना पडल्या की काढणी. काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस वावरातच ठेवावा, तोही असा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर पडेल. मग इंचभर नाळ ठेवून पात कापावी आणि दहा-बारा दिवस सावलीत पातळ पसरावा. मान मिटते, वरचा पापुद्रा वाळून घट्ट बसतो. हेच त्याचे चिलखत.

हे दहा-बारा दिवस लोकांना जड जातात. आमच्या घरी एका वर्षी आभाळ आले म्हणून ओल्या मानेचाच कांदा घाईने चाळीत लोटला. आषाढीच्या सुमारास चाळीच्या अंगाने जाताना वास आला. वरचा थर चांगला होता हो! हात घातला तर आत गरम. निवडायला बायामाणसे लावली, त्यांची मजुरीसुद्धा त्या कांद्याने भरून दिली नाही. आभाळ आले तर कांदा झाका, हलवा, पण ओला भरू नका.

चाळ बांधताना जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्यावी आणि तळाला फटी ठेवाव्यात, म्हणजे हवा खालून वर खेळते. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी पूर्व-पश्चिम. कप्प्याची रुंदी चार फूट, थर चार-पाच फुटांपर्यंतच. जागा उरली म्हणून आणखी चढवला की खालचा कांदा दबतो आणि मधल्याला हवा मिळत नाही. नुसता पत्रा तापतो. त्यावर पाचट टाकावे. जोडकांदा, डेंगळ्याचा, कापलेला असा माल आधीच विकून टाकावा. पावसाळी कांदा तर साठवणीच्या भानगडीत आणूच नये.

तुम्ही म्हणाल, शीतगृह आहे की! शून्य-दोन अंशांवर कांदा राहतो खरा. पण बाहेर काढला की त्याला घाम सुटतो आणि कोंबही लवकर येतात. लासलगावला २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. त्या किरणांनी कोंब थांबतो. सड मात्र थांबत नाही. ओल्या मानेला तिथेही औषध नाही.

गुरुजींना एक काम सांगतो. वर्गात दहा-दहा कांदे तोलून तीन ठिकाणी ठेवा: एक वाटा टांगलेल्या टोपलीत, एक तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक बंद डब्यात. दर शनिवारी मुलांना वजन घेऊ द्या, कोंब आणि डाग मोजू द्या, आणि वहीत तारखेनिशी लिहू द्या. जूनमध्ये शाळा उघडताच सुरुवात केली तर गणपतीच्या सुट्टीपर्यंत वही भरेल. ती वही मुलांना घरी न्यायला सांगा. घरची चाळ त्या वेळी भरलेलीच असेल.