उड्डाण झाले, फोटो कुठे आहे?

मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, असे आपण ऐकत आलो. पण त्या उड्डाणाचा फोटो नाही. वाद अजून मिटलेला नाही.

अमेरिकेत १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी आधी कॅमेरा लावून ठेवला, मग विमान सुरू केले. किनाऱ्यावरच्या बचाव केंद्रातले जॉन डॅनियल्स यांनी तो फोटो टिपला. कॅमेरा त्यांनी त्याआधी कधीच हाताळला नव्हता! उड्डाण अवघे १२ सेकंदांचे, पण पुरावा कायमचा राहिला.

म्हणून संभाजीनगरच्या आम्ही मैत्रिणी बचत गटांना सांगतो: आपल्या कामाचा फोटो काढा, मागे नाव, गाव, तारीख लिहा. नोंद नसेल, तर आपले श्रेय सांगणार कोण?